तू नेमकं काय ऐकलंस?

मित्रांनो, सुरुवातीलाच कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी वाचताना मी अजूनही मधेच अडखळतो, आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचं काय होतं ते मराठी विभागाच्या संपादकांनाच विचारा! त्यामुळे "जुन्या गाण्यांवर एक लेख दे" असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी घाबरलो. मग म्हटलं, भांडण आपणच केलं होतं, आता निस्तरायलाही आपणच पाहिजे.

भांडण गेल्या जुलैमधलं. पळसदरीच्या पावसाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तीन दिवस कपडे वाळले नव्हते, लाइट गेलेली, घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज तेवढा येत होता. एका रूममध्ये आम्ही सहा जण, एक मेणबत्ती आणि फरसाणाचा एक पुडा. सबमिशनचा विषय कोणीच काढायचा नाही असं ठरलेलं. बोलता बोलता गाडी 'जैत रे जैत'वर आली.

मी म्हटलं, "उगाच डोक्यावर घेतलाय तो अल्बम. चार गाणी चांगली आहेत, बाकी नुसती हवा."

आमचा रूम पार्टनर पेणचा. तो उठूनच बसला. "चार? अरे, पंधराहून जास्त गाणी आहेत त्यात! आणि तू एकेक सुटं काढून काय ऐकतोस?"

मग काय, अर्धा तास नुसता आरडाओरडा. शेवटी रेक्टर सर टॉर्च घेऊन आले. आम्हाला वाटलं, आता दंड. पण सरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "तू नेमकं काय ऐकलंस?" मी म्हटलं, "फोनमधली प्लेलिस्ट, सर. चार गाणी." मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबांबरोबर टीव्हीवर अख्खा पिक्चर बघितलाय." सर म्हणाले, "मग तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. झोपा आता."

झोप काही आली नाही. कारण प्रश्न साधा होता, पण जुन्या गाण्यांवर आपण जी जी मतं ठोकून देतो त्यातली निम्मी त्या एका प्रश्नात उडतात. या लेखात मला एवढंच सांगायचंय: जुन्या अल्बमवर मत जरूर द्या, पण आधी आपण त्याचं कुठलं रूप ऐकलंय ते सांगा. कारण जुनं गाणं ही एक वस्तू नसते. तबकडीवरचं वेगळं, पडद्यावरचं वेगळं, कॅसेटवरचं वेगळं आणि आपल्या फोनमधलं आणखीनच वेगळं.

आपल्याच जिल्ह्यातला पिक्चर

दुसऱ्या दिवशी मी 'जैत रे जैत' लॅपटॉपवर पूर्ण पाहिला. १९७७ सालचा चित्रपट. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक जब्बार पटेल, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील मुख्य भूमिकांत. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गोष्ट आहे कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातली. आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांतही ठाकरवाड्या आहेतच.

पाहिल्यावर कळलं की मित्राचं बरोबर होतं. त्यात काही गाणी लांब आहेत, काही अगदी छोटी. छोटी गाणी सुटी ऐकली तर "हे काय, सुरू झालं आणि संपलं" असं वाटतं. पण पिक्चरमध्ये तीच गाणी गोष्ट पुढे नेतात. एक गाणं जिथे सोडतं तिथून पुढचा प्रसंग उचलतो. मी त्या साखळीतल्या चार कड्या काढून खिशात घातल्या होत्या आणि साखळी कशी आहे यावर बोलत होतो.

आपल्या मेसमधल्या एक मावशी जवळच्या ठाकरवाडीतून येतात. चहा घेताना त्यांना सहज विचारलं, तुम्ही पाहिलाय का? म्हणाल्या, पाहिलाय. गाणी गोड आहेत, पण आमच्यात बाई अशी एकटी गात नाही, एक जण म्हणते आणि बाकीच्या मागून म्हणतात. मी पटकन म्हटलं, "म्हणजे चुकीचं दाखवलंय?" त्या हसल्या. "चूक कशाला? ते पिक्चरचं गाणं, आमचं ते आमचं." आम्हाला जे समजायला अर्धा तास आणि एक रेक्टर लागले, ते मावशींनी चहाचा कप विसळता विसळता सांगितलं!

तीन मिनिटांची मर्यादा

आता थोडं तंत्राकडे वळू. (मेकॅनिकलवाल्यांनी झोपू नये, फिरणारी चाकं पुढे येताहेत.)

भारतात ग्रामोफोनसाठी गाणी रेकॉर्ड व्हायला लागली १९०२ साली कलकत्त्यात. सुरुवातीच्या कलाकारांत गौहरजान होत्या. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या, ते आजही त्या रेकॉर्डवर ऐकू येतं. पुढे दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी सगळीकडे रुळली. तिच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. बस्स, तेवढंच.

या एका मर्यादेने आपलं संगीत किती बदललं पाहा. बालगंधर्वांचं एकेक पद नाटकात 'वन्स मोअर' घेत घेत रंगायचं, तबकडीवर मात्र ते तीन मिनिटांत बसवावं लागे. ज्याने नाटक पाहिलं त्याचे बालगंधर्व वेगळे आणि ज्याने फक्त रेकॉर्ड ऐकली त्याचे वेगळे. सिनेमातही तेच. गाणं लांब असेल तर अर्धं या बाजूवर, अर्धं त्या बाजूवर, नाहीतर एखादं कडवं सरळ गाळायचं. म्हणून कधी कधी घरातली मोठी माणसं म्हणतात, "यात आणखी एक कडवं होतं रे," आणि आपण म्हणतो, "काहीतरीच काय!" त्यांनी ते थिएटरमध्ये ऐकलेलं असतं.

१९४८ साली अमेरिकेत एलपी आली. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूवर वीसेक मिनिटं. तेव्हा कुठे 'अल्बम' ही कल्पना आजच्या अर्थाने जमली. त्याआधीच्या सिनेमांचे 'अल्बम' आपण आज ऐकतो ते बहुतेक नंतर कोणीतरी सुट्या तबकड्यांवरून जुळवलेले असतात. तेव्हा "त्या अल्बममध्ये गाण्यांचा क्रम किती विचारपूर्वक लावलाय" असं म्हणण्याआधी जरा थांबा. क्रम संगीतकाराने लावलाय की कंपनीतल्या क्लार्कने, ते तपासा.

स्पीडचं गणित

आमच्या मजल्यावर एकाकडे गिटार आहे आणि एकाकडे हार्मोनियम. एकाच गाण्याची पट्टी एक जण काळी दोन सांगतो, दुसरा पांढरी दोन. दोघांचेही कान तयार, मग चूक कोणाची? कदाचित कोणाचीच नाही.

सप्तकाचे बारा समान भाग केले तर एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंत कंपनसंख्या साधारण ६ टक्क्यांनी बदलते. आता ७८ ची तबकडी ७३.६ फेऱ्यांवर वाजवा. वेग सुमारे ६ टक्के कमी झाला. म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी दोनमध्ये आलं, आणि २०० सेकंदांचं गाणं २१२ सेकंद चाललं. गायकाचा आवाज जरा जाड, जरा दुःखी वाटायला लागला. उलट वेग वाढवला तर तोच गायक चिरका वाटणार. त्यात गंमत अशी की सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्ड बरोब्बर ७८ वर कापलेल्याही नसत. त्यामुळे आज त्या डिजिटल करणाऱ्याला 'खरा' वेग कोणता हे आधी ठरवावं लागतं. तो चुकला की पुढच्या सगळ्या पिढ्या चुकीच्या पट्टीत ऐकणार.

कॅसेटचंही तसंच. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. प्लेअरचा रबरी बेल्ट सैल झाला की ती रेंगाळते. अशा प्लेअरवरून कोणी गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, तिथून यूट्यूबवर टाकलं आणि आपण त्यावर लिहिलं, "काय संथ, उदास चाल आहे!" ती उदासी संगीतकाराची नाही, बेल्टची! शिवाय हल्ली मुद्दाम वेग कमी करून, वर घुमारा चढवून टाकलेली रूपंही ढीगभर आहेत. ती आवडायला माझी हरकत नाही, मीही अभ्यास करताना लावतो. पण त्यावरून मूळ चालीला मार्क देऊ नका.

आवाज असा का येतो?

ज्युनियर मुलं म्हणतात, "शंभर वर्षांपूर्वीचे लोक नाकात का गायचे?" बाळांनो, साधारण १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता. गायक एका मोठ्या भोंग्यासमोर जोरात गायचा आणि त्या आवाजाच्याच जोराने सुई मेणावर रेघ कापायची. या पद्धतीत खालचे खर्ज सूर आणि वरची चमक, दोन्ही जवळपास गळून जायचे. मधला पट्टा तेवढा उरायचा. तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही तो यामुळेच. तेव्हा नाकात गायक गात नव्हता, भोंगा गात होता.

दुसरं टोक म्हणजे अती साफसफाई. जुन्या तबकडीची खरखर काढायला सॉफ्टवेअर वापरतात. हात जरा जड पडला की खरखरीबरोबर तानपुरा आणि गायकाचा श्वासही जातो. राहतो तो गुळगुळीत, निर्जीव आवाज. मग आपण म्हणतो, "जुनी गाणी भावत नाहीत."

आणि हॉस्टेलचा खास प्रकार म्हणजे एका इअरफोनवर दोघं! सुरुवातीच्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी वाद्यं एका बाजूला आणि बाकी ताफा दुसऱ्या बाजूला असा सरळ वाटा केलेला असे. उजवा बोंडा घेतलेला म्हणतो व्हायोलिन फार मोठं आहे, डावा म्हणतो व्हायोलिन आहेच कुठे? अशी भांडणं मी स्वतः पाहिलीत.

नाव तेच, माल वेगळा

आता सगळ्यात फसवा प्रकार. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांची नव्या गायकांनी गायलेली 'व्हर्जन' खूप निघाली. सोनू निगमने प्रसिद्ध होण्याआधी मोहम्मद रफींची गाणी गाऊन टी-सीरिजच्या 'रफी की यादें'मधून नाव मिळवलं, हे तुम्हाला माहीत असेल. कव्हरवर मूळ गायकाचा उल्लेख ठळक असला की गिऱ्हाईक गडबडायचं. एचएमव्हीने 'रिव्हायवल' म्हणून मूळ आवाज ठेवून त्याभोवती नवं वादन भरलेल्या कॅसेट काढल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या आईबाबांनी ती गाणी तशीच ऐकलीत, आणि त्यांना तीच मूळ वाटतात.

कधी उलटंही होतं, म्हणजे अल्बममध्ये सिनेमापेक्षा जास्त असतं. 'पाकीज़ा'चं उदाहरण घ्या. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले, चित्रपट लागला १९७२ च्या फेब्रुवारीत. त्यांनी केलेली बरीच गाणी चित्रपटात घेतलीच नव्हती. ती १९७७ साली 'पाकीज़ा रंग बरंग' या वेगळ्या एलपीवर आली. आता 'पाकीज़ा'चं संगीत कसं आहे, या प्रश्नाचं उत्तर ती एलपी न ऐकता पूर्ण होईल का?

मतं मांडणारे आपणच पहिले नाही

गाण्यांवरून भांडायची हौस आपल्या पिढीची नाही. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ! त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. झालं काय, तर लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांचा क्रम ठरायचा तो रेकॉर्डच्या विक्रीवर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांवर. म्हणजे पोस्टकार्डावरून मतप्रदर्शन! शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा आमच्या मेसमधले आचारी काका दिवसभर गप्प होते.

मराठीत शिरीष कणेकरांनी 'गाये चला जा'सारखं पुस्तक लिहून दाखवलं की चाहत्याचं मत हट्टी असूनही वाचनीय असू शकतं. आणि १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था सुरू झाली. तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे सुरेश चांदवणकर हे टीआयएफआरमधले, म्हणजे विज्ञानातला माणूस. या मंडळींच्या बैठकीत एक सभासद विषय घेतो, तबकड्या वाजवतो आणि प्रत्येकीबद्दल माहिती सांगतो. कुठल्या कंपनीची, लेबलवर क्रमांक काय, कोणी गायलंय. मग चर्चा. त्यांचं 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही निघत असे. तिकडे कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचे कोश केले, चित्रपटागणिक गाणी, गायक आणि रेकॉर्ड क्रमांक देऊन.

एवढा खटाटोप कशाला? कारण नोंद राहिली नाही तर मत द्यायलाही काही उरत नाही. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत आज सापडत नाही, आणि त्यातली गाणी तबकडीवर निघालीच नव्हती. भारतीय सिनेमातलं पहिलं गाणं चांगलं होतं की वाईट, यावर आता कोणीच भांडू शकत नाही.

आजीची गोष्ट

हे सगळं लिहायचं खरं कारण आता सांगतो.

आमच्या घरी 'गीतरामायण' लागायचं ते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजात. राम तेच, सीता तेच, कौसल्याही तेच. आजी दर वेळी म्हणायची, "सीतेचं गाणं माणिक वर्मा म्हणायच्या." आम्ही म्हणायचो, "नाही गं आजी, हे बघ, कॅसेटवर एकच नाव आहे." ती म्हणायची, "मी ऐकलंय." अलीकडे ती गोळ्या घ्यायला विसरते, गॅस बंद करायला विसरते. त्यामुळे हेही विसरण्यातच जमा झालं. एकदा पाहुण्यांसमोर तिने पुन्हा तेच सांगितलं आणि मी हसून म्हटलं, "आजीचं जरा कन्फ्यूजन होतं." त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी शोधलं. गदिमा आणि बाबूजींचं 'गीतरामायण' मुळात पुणे आकाशवाणीसाठी होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमीला सुरुवात. दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. आणि रेडिओवर ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. रामाची गाणी बाबूजींची, सीतेची माणिक वर्मांची, कौसल्येची ललिता फडक्यांची. सगळी गाणी बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात निघाली ती नंतर, आणि तीच घरोघरी पोचली. आजी १९५५ मध्ये पुण्यात बारा-तेरा वर्षांची होती. शेजारच्या वाड्यात रेडिओ होता. तिने ऐकलेलं 'गीतरामायण' आणि आमचं 'गीतरामायण' या दोन वेगळ्या वस्तू होत्या. तिला सगळं नीट आठवत होतं. आमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं, की तू नेमकं काय ऐकलंस?

हॉस्टेलवर रेंज नव्हती. स्टेशनपर्यंत भिजत गेलो आणि फोन लावला. "आजी, तुझं बरोबर होतं. माणिक वर्माच." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मला माहितीये ते. तू जेवलास का?" खोपोली लोकल येऊन गेली तरी मी तिथेच उभा होतो.

मग करायचं काय?

फार काही नाही. कुठल्याही जुन्या गाण्यावर किंवा अल्बमवर बोलायच्या आधी पाच गोष्टी सांगायच्या:

१. कशावर ऐकलं? तबकडी, कॅसेट, सिनेमा, रेडिओ की फोन?
२. ते मूळ आहे की नंतर केलेलं रूप?
३. पूर्ण ऐकलं की तुकडा?
४. वेग आणि पट्टी बरोबर असल्याची खात्री आहे का?
५. ज्याने वेगळं मत दिलं, त्याने काय ऐकलंय?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. यानंतरही मतभेद राहतील, आणि राहावेत. 'जैत रे जैत'बद्दल माझा मित्र आणि मी अजूनही भांडतो. फक्त आता दोघं एकाच पिक्चरवर भांडतो, एवढीच प्रगती!

रेक्टर सरांनी परवानगी दिली आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री जेवणानंतर मेसमध्ये तासभर बसायचं. एकाने एक जुना अल्बम आणायचा, त्याची माहिती सांगायची, सगळ्यांनी तो गप्प बसून ऐकायचा आणि मग हवं तेवढं भांडायचं. स्टाफमधल्या सर-मॅडमनाही आग्रहाचं निमंत्रण आहे, कारण मूळ रूपं ऐकलेले कान तुमच्याकडेच आहेत. मेसच्या मावशी आणि आचारी काका यायला तयार झालेत.

सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावर, कपाटात, जुन्या सुटकेसमध्ये एखादी कॅसेट सापडली तर घेऊन या. आणि ती कोणाची आहे, त्यांनी ती कधी ऐकली, हे विचारून या. प्लेअर माझ्याकडे आहे. बेल्ट नवीन घातलाय!